आजोबांचा पाइप उजळताना

घरातलं वडीलधारं माणूस गेलं की महिन्या-दोन महिन्यांनी त्यांचं कपाट आवरायची वेळ येते. कपडे गरजूंना देता येतात, घड्याळ नातवाच्या मनगटावर चढतं, पुस्तकं वाचनालयात जातात. पण खणाच्या तळाशी, कापडी पिशवीत गुंडाळलेला त्यांचा लाकडी पाइप निघाला की सगळ्यांचीच पंचाईत होते. एक जण म्हणतो, ‘‘टाकून द्या. याच तंबाखूनं त्यांचा घात केला.’’ दुसरी म्हणते, ‘‘त्यांची आठवण आहे, काचेच्या कपाटात ठेवू.’’ आणि तिसरा उत्साही मेंबर बाह्या सरसावून म्हणतो, ‘‘थिनरची बाटली नि थोडा पॉलिश पेपर आणा, नव्यासारखा करून देतो!’’

आजचं हे पान त्या तिसऱ्या मेंबरसाठी आहे. त्याच्या उत्साहाचं कौतुक आहेच, पण कामाला लागण्यापूर्वी त्यानं पाच मिनिटं थांबावं आणि हे वाचावं.

सरकारी खातं, लष्कर किंवा विद्यापीठातली नोकरी यांच्या निमित्तानं दिल्लीत येऊन राहिलेल्या मराठी कुटुंबांत असा प्रसंग अधूनमधून येतोच. करोलबागेतलं जुनं घर सोडून नोएडा किंवा गुरुग्रामच्या फ्लॅटमध्ये जाताना तर हमखास. एकेकाळी दिल्लीच्या सरकारी कचेऱ्यांत पाइप हे साहेबी रुबाबाचं लक्षण होतं. दिल्ली विधानसभेनं १९९६ साली सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाविरुद्ध कायदा केला, २००३ साली तंबाखूबद्दल देशभराचा कायदा झाला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून कचेऱ्या, उपाहारगृहं, स्टेशनं अशा ठिकाणी बंदीचे नियम कडक झाले. पाइप ओढणारे कमी झाले. पाइप मात्र खणांमध्ये राहिले.

टाकायचा की ठेवायचा, या भांडणाचं उत्तर दिल्लीतच सापडतं. प्रणव मुखर्जी हे राजधानीतले सर्वांत ओळखीचे पाइपवाले. त्यांच्या जुन्या छायाचित्रांत पाइप हटकून दिसतो. पुढे त्यांनी तंबाखू सोडली आणि वर्षानुवर्षं जमलेले आपले पाइप राष्ट्रपती भवनाच्या संग्रहालयाला देऊन टाकले. व्यसन सुटलं, वस्तू जपली गेली. आपल्या घरीही हेच करता येतं. तंबाखूचा डबा कचऱ्यात टाका आणि पाइप ठेवा.

पाइप ठेवायचा ठरला, की पुढचा प्रश्न त्याच्या कळकट रूपाचा.

आधी वस्तूची ओळख

पाइपचे तीन भाग असतात. तंबाखू भरायची ती वाटी, वाटीतून निघणारा लाकडी दांडा आणि दातांत धरायची काळी नळी. चांगल्या पाइपची वाटी बहुधा ‘ब्रायर’ नावाच्या लाकडाची असते. भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यांवर वाढणाऱ्या एका झुडपाच्या मुळाशी जी गाठ धरते, तिचं हे लाकूड. ते कठीण असतं, उष्णता सोसतं आणि सहजी पेट घेत नाही. फ्रान्समधल्या सेंट क्लोद या गावात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून या गाठींचे पाइप होऊ लागले आणि तिथून ते जगभर गेले. आपल्याकडे शिसवीचे पाइपही मिळतात. काळी नळी जुन्या पाइपांत बहुतेक वेळा ‘व्हल्कनाइट’ची, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराची असते. नव्या पाइपांत ती ॲक्रिलिकची असू शकते.

लाकडाच्या वरची चकाकी हा या सगळ्यावरचा पातळ पापुद्रा. नुसतं मेण, लाखेचं पॉलिश, लॅकर किंवा कडक वार्निश, यांपैकी काहीही तिथे असू शकतं. वाटी तापते, लाखेचं पॉलिश साधारण ७५ अंशांना मऊ पडतं, म्हणून जुन्या पाइपवर फोड, डाग, चिकट ठिपके दिसतात. त्यात बोटांचं तेल आणि वाटीच्या काठावर साचलेली काजळी. हे सगळं मिळून तो कळकटपणा येतो. लाकूड आतून बहुधा ठणठणीत असतं.

थेंबाची परीक्षा

वर काय लावलं आहे हे न कळता थिनर ओतणं म्हणजे रोग न ओळखता औषध देणं. म्हणून आधी परीक्षा घ्या. वाटीच्या बुडाशी, सहसा दिसणार नाही अशी जागा निवडा. कापूसकाडीला टर्पेंटाइन लावून ती हलकेच फिरवा. काडी पिवळट झाली आणि लाकूड निस्तेज दिसू लागलं तर वर फक्त मेण होतं. काम सोपं झालं.

तसं झालं नाही, तर दुसऱ्या काडीवर स्पिरिटचा एक थेंब घेऊन त्याच जागी ठेवा आणि मिनिटभर थांबा. जागा चिकट झाली तर ते लाखेचं पॉलिश. आपल्याकडे सुतार ‘चपडा’ स्पिरिटमध्ये विरघळवून जे पॉलिश करतात, तेच. पळस, बोर, कुसुम या झाडांवरच्या किड्यांपासून ही लाख मिळते. झारखंडात रांचीजवळ नामकुमला तर १९२४ साली लाखेच्या अभ्यासासाठी खास संस्था उभी राहिली. लाखेचा मोठा गुण हा, की कितीही वर्षं झाली तरी ती बहुधा स्पिरिटला दाद देते. काढता येते आणि पुन्हा चढवताही येते.

स्पिरिटनं काही झालं नाही, पण थिनरच्या थेंबानं पृष्ठभाग मऊ पडला तर ते लॅकर. दोन्हींना दाद नसेल तर ते कडक वार्निश किंवा पॉलियुरेथेन आहे असं समजा. अशा वेळी घरी हट्ट करू नये. नुसता ओलसर, साबणाचा अंश असलेला फडका फिरवून, लगेच कोरडा पुसून ठेवलेला बरा.

हार्डवेअरच्या दुकानात रंग काढायचं ‘रिमूव्हर’ मिळतं. त्याच्या डब्यावर ‘मिथिलीन क्लोराइड’ लिहिलेलं असेल तर ते हातात धरू नका. त्याची वाफ बंद खोलीत जीवघेणी ठरते, कारण शरीरात गेल्यावर तिच्यापासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. अमेरिकेनं २०१९ साली घरगुती वापरासाठी असं रिमूव्हर विकायला बंदी घातली, ती या वाफेनं माणसं दगावली म्हणूनच. मुठीएवढ्या पाइपसाठी एवढा धोका कशाला पत्करायचा?

कामाला लागताना

जागा निवडा ती बाल्कनीतली किंवा उघड्या खिडकीजवळची. स्वयंपाकघर नको, देवघराजवळ तर नकोच. स्पिरिट आणि थिनर दोन्हींची वाफ समईच्या ज्योतीनंही पेट घेते. रंगाच्या दुकानातलं स्पिरिट विषारी असतं, ते पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नका. हातात रबरी मोजे घाला. जुन्या पाइपमध्ये साचलेल्या काळ्या चिकट्यात निकोटिन असतं, त्यामुळे मुलांना या कामात मदतीला घेऊ नये.

पहिलं काम नळी वेगळी करण्याचं. वाटी एका हातात घट्ट धरून नळी हळूहळू एकाच दिशेनं फिरवत ओढा. अडकली असेल तर जोर लावू नका, दांडा मोडतो. पाइप पिशवीत घालून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा आणि पुन्हा प्रयत्न करा. थंडीनं नळी किंचित आकसते आणि सुटते.

दुसरं काम झाकण्याचं. दांड्यावर बारीक अक्षरं किंवा आकडे ठोकलेले असतात. त्यांवर कागदी चिकटपट्टी लावा. दांड्याला चांदीचं कडं असेल तर तेही झाका. हा ठसा म्हणजे पाइपचा जन्मदाखला. लंडनच्या डनहिल कंपनीच्या पाइपांवर तर तो कोणत्या साली बनला हे सांगणारा आकडाही ठशात असतो. पॉलिश पेपरचे चार हात फिरले की ठसा पुसट होतो, आणि एकदा गेला की कुणीही तो परत आणू शकत नाही.

मग मऊ सुती फडका स्पिरिटनं ओला करा, ठिबकेल इतका भिजवू नका. दोन इंच जागा घेऊन गोलाकार पुसा. फडका तपकिरी होईल. घडी बदला, पुन्हा पुसा. लाख एका फटक्यात निघत नाही, चार-पाच हात द्यावे लागतात. मध्ये दहा मिनिटं वाळू द्या. पाइप पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये बुडवून ठेवायचा मोह आवरा. लाकूड फुगतं, आणि मग नळी बसत नाही.

फडक्यावर तपकिरीऐवजी लाल किंवा काळा रंग येऊ लागला की सावध व्हा. तो पॉलिशचा नाही, लाकडाला दिलेल्या रंगाचा आहे. इथे थांबलेलं उत्तम. रंग पूर्ण उतरवायला गेलात तर एक नको असलेली गोष्ट उघडी पडू शकते. स्वस्त पाइपांच्या लाकडात बारीक खड्डे असतात, ते कारखान्यात लांबीनं भरून वर गडद रंग देतात. रंग गेला की फिक्या गुलाबी ठिपक्यांनी सगळी वाटी भरलेली दिसते. वस्तू पहिल्यापेक्षा केविलवाणी होते आणि घरातले विचारतात, ‘‘हेच का तुझं नव्यासारखं?’’

पॉलिश पेपर शक्यतो वापरूच नये. दिल्लीच्या दुकानात त्याला ‘रेगमाल’ म्हणतात, आणि मागितलात की दुकानदार सहसा जाडाभरडाच देतो. अगदीच वापरायचा झाला तर ८०० किंवा त्याहून बारीक नंबरचा घ्या, तोंडाला मास्क लावा आणि लाकडाच्या रेषांच्या दिशेनं हलका हात ठेवा. शिसवीच्या भुशानं अनेकांना खाज सुटते, पुरळ उठतं, हेही लक्षात असू द्या. लाकूड आणि नळी जिथे मिळतात तो सांधा मुळीच घासू नका. तिथे केसाएवढी फट पडली तरी दोन भाग परक्यासारखे दिसतात.

आतला वास आणि हिरवट नळी

काचेच्या कपाटात ठेवलेल्या पाइपचा जुना उग्र वास दार उघडताच घरभर पसरतो. त्यावर सोपा उपाय आहे. वाटीतली सुटी राख काढून तिच्यात कापूस सैलसर भरा, त्यावर ड्रॉपरनं स्पिरिट सोडा, पाइप उभा राहील असा कपात टेकवून रात्रभर बाल्कनीत ठेवा. सकाळी कापूस तपकिरी झालेला दिसेल. कापूस बऱ्यापैकी पांढरा राहीपर्यंत दोन-तीनदा असं करा. वाटीच्या आत कोळशाचा कडक थर असतो, तो चाकूनं खरवडू नका, त्याबरोबर लाकूडही निघून येतं.

व्हल्कनाइटची नळी उजेडानं आणि हवेनं हिरवट-तपकिरी होते. तिला गरम पाणी लावू नका, रंग आणखी बिघडतो. पांढरी टूथपेस्ट ओल्या फडक्यावर घेऊन हळूहळू चोळली तर बराच काळेपणा परत येतो. नळी ॲक्रिलिकची वाटत असेल तर तिला स्पिरिट लागू देऊ नका, बारीक तडे जातात.

काय काढायचं नाही

मुद्द्याची गोष्ट आता येते. नळीच्या टोकाला दातांच्या दोन खुणा असतील. वाटीच्या एका बाजूला काठ जरा अधिक काळा असेल, कारण ते काडी नेहमी त्याच हातानं लावत. अंगठा टेकायच्या जागी लाकूड झिजून गुळगुळीत झालं असेल. हा मळ नाही. मळ सगळ्या पाइपांवर सारखाच बसतो, या खुणा मात्र एकाच माणसाच्या असतात. पॉलिश बिघडलं तर बाजारातून चपडा आणून उद्या पुन्हा करता येईल. दातांची खूण एकदा घासून सपाट केली की ती करणारा माणूस आता नाही.

जुन्या वस्तू जपणाऱ्यांच्या शास्त्रातही हेच पहिलं सूत्र आहे. करावं ते कमीत कमी, आणि करावं ते पुढे कुणाला तरी उलटं फिरवता येईल असं. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या आधारानं १९८९ साली सुरू झालेल्या संस्थेत या शास्त्राचं रीतसर शिक्षण मिळू लागलं. आपल्याला पदवीची गरज नाही, पण सूत्र घरी आणायला काय हरकत आहे?

या सूत्रामुळेच पाइप पॉलिशवाल्याकडे देताना विचार करावा लागतो. कीर्तीनगर किंवा पंचकुइयाँ रोडच्या फर्निचर बाजारातले कारागीर खुर्च्या, पलंग आरशासारखे करून देतात. त्यांची पद्धत मात्र खुर्चीची असते. आधी घासायचं, मग लांबी भरायची, रंग द्यायचा आणि वर मेलामाइनचा फवारा मारायचा. मेलामाइन स्पिरिटला दाद देत नाही, म्हणजे पुढच्या पिढीला ते काढायचं तर घासूनच काढावं लागेल. कारागिराकडे द्यायचाच असेल तर स्पष्ट सांगा, ‘‘फक्त चपडा लावा, मशीन लावू नका, अक्षरांना हात लावू नका.’’

घरी करणार असाल तर त्याहून सोपं आहे. पाइप दोन दिवस सावलीत वाळू द्या. मग मधमाशांचं मेण किंवा फर्निचरचं साधं मेण वाटाण्याएवढं घेऊन फडक्यानं चोळा आणि पंधरा मिनिटांनी कोरड्या कापडानं पुसा. वाटीच्या आत काहीही लावू नका. जवसाचं तेल वापरलंत तर तेलाचा फडका चुरगाळून टोपलीत टाकू नका. तो आपोआप तापून पेट घेऊ शकतो. दोरीवर पसरून पूर्ण वाळवा, मगच फेका.

ऋतूही पाहा. दिल्लीच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत लाखेचं ताजं पॉलिश दुधाळ पडतं. मे-जूनच्या कोरड्या झळांत लाकूड तडकतं. ऑक्टोबर किंवा फेब्रुवारी-मार्च हे महिने या कामाला सर्वांत चांगले. काम झाल्यावर पाइप कुलरच्या झोतात किंवा खिडकीच्या उन्हात ठेवू नका.

आणखी एक सूचना. पाइपबरोबर त्याच कपाटातून जुना रंगीत पाळणा किंवा लाकडी खेळणी निघाली, तर त्यांवर हा प्रयोग करू नका. जुन्या तैलरंगांत शिसं असू शकतं. घरगुती रंगांतल्या शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग इतकी खाली आणणारा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीचा रंग कोरडा घासला तर विषारी धूळ उडते, आणि ती सर्वांत जास्त बाधते ती रांगणाऱ्या बाळाला.

नातू विचारील तेव्हा

पाइप असा उजळला की घरातला एखादा विशीतला मुलगा तो हातात घेऊन म्हणणार, ‘‘एकदा ओढून बघू का?’’ या मोहाचा इतिहासही जुना आहे. असद बेग नावाचा अधिकारी विजापूरहून तंबाखू घेऊन आग्र्याला गेला आणि त्यानं रत्नजडित पाइपसह ती अकबरापुढे ठेवली. बादशहानं दोन-चार झुरके घेतले तेव्हा दरबारच्या हकिमानं विरोध केल्याचं असद बेगनं स्वतःच लिहून ठेवलं आहे. पुढे १६१७ साली जहांगिरानं तंबाखूविरुद्ध फर्मान काढलं. हकिमाचं म्हणणं आज डॉक्टर पुराव्यानिशी सांगतात. पाइपचा धूर छातीत ओढत नाहीत म्हणून तो निरुपद्रवी, हा जुना समज खोटा आहे. तोंड, जीभ, घसा, फुप्फुस या सगळ्यांच्या कर्करोगाचा धोका त्यात आहे. शिवाय ज्या वाटीत आपण स्पिरिट मुरवलं ती आता ओढायच्या कामाची राहिलेलीच नाही. मुलाला हे कारण बहुधा लवकर पटतं.

शेवटचं काम पाच मिनिटांचं. पोस्टकार्डाएवढा कागद घ्या. त्यावर आजोबांचं नाव, त्यांची नोकरी, पाइप कुठून घेतला होता ते माहीत असेल तर तेही, आणि त्यांनी तंबाखू कधी सोडली किंवा का सोडता आली नाही, हे चार ओळींत लिहा. आपण पाइपला काय काय लावलं तेही तारखेसह लिहा, म्हणजे पुढे हात लावणाऱ्याला परीक्षा घ्यावी लागणार नाही. कागद घडी करून पाइपच्या पिशवीत ठेवा. टाकून द्या म्हणणाऱ्यालाही तो लिहायला बसवा. त्याचा राग खोटा नसतो, आणि तोही त्या चार ओळींत यायला हवा.